हिऱ्याची पारख : घेण्यापूर्वी काय पाहावे?

आम्ही पिढीजात धान्याचे व्यापारी. तूर, हरभरा, ज्वारी यांच्या वानग्या तळहातावर घेऊन दर ठरविण्यात आमची हयात गेली. तेव्हा संघाच्या वार्षिक स्मरणिकेत आम्ही हिऱ्याविषयी लिहावे, हे पाहून आमच्या रत्नव्यापारी बंधूंस किंचित हसू येईल. ते आम्हांस मान्य आहे. परंतु हिरा विकणारे थोडे आणि घेणारे पुष्कळ. घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिण्यास घेणाऱ्यांपैकीच कोणी पुढे आलेले बरे. मुलीच्या लग्नात अथवा सुनेच्या अंगावर एखादा तरी हिऱ्याचा दागिना असावा, ही हौस आता आपल्या समाजात घरोघर झाली आहे. शंभर पोती तूर घेताना दहा पोत्यांची तोंडे उघडावयास लावणारे आमचेच बंधू, तेवढ्याच रकमेच्या कुड्या घेताना मात्र दुकानातील झगमगाटाकडे पाहून मान डोलावितात. हे वारंवार पाहण्यात आल्यामुळेच ही लेखणी हाती घेतली आहे.

धान्याच्या धंद्यात शितावरून भाताची परीक्षा चालते. ओंजळभर दाणे सबंध पोत्याची साक्ष देतात. हिऱ्यास हा न्याय लागू पडत नाही. एकाच खाणीतून एकाच दिवशी निघालेले दोन खडे शेजारी ठेवले, तरी एकाची साक्ष दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. प्रत्येक हिरा स्वतंत्रपणे तपासावा लागतो. म्हणून घेणाऱ्याने तीन गोष्टींचा नेम धरावा, असे आमचे मत आहे. दर विचारण्यापूर्वी माल पाहावा. तो साध्या उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. आणि जे डोळ्यांस दिसत नाही ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पुढील विवेचन या तीन गोष्टींचेच आहे.

जुन्यांची दृष्टी

रत्नपरीक्षा ही आपल्या देशात शास्त्र म्हणून फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशात घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही हिऱ्याच्या गुणदोषांचा विचार आहे. आपल्या समाजास अभिमान वाटावा असे नाव म्हणजे ठक्कुर फेरू. दिल्लीस अलाउद्दीन खिलजीच्या अमदानीत सरकारी सेवेत असलेले हे श्रीमाळ कुळातील जैन गृहस्थ. त्यांनी इ. स. १३१५ मध्ये ‘रयणपरिक्खा’ हा रत्नपरीक्षेवरील ग्रंथ रचला आणि पुढे १३१८ मध्ये नाण्यांच्या पारखीवर ‘दव्वपरिक्खा’ लिहिला. खजिन्यात येणारे रत्न आणि टांकसाळीत येणारे नाणे, दोन्ही पारखूनच आत घ्यावयाची, ही त्या ग्रंथांमागील दृष्टी आहे. गृहस्थाच्या तिजोरीसही तोच नियम लागू आहे.

आम्ही हैदराबादचे रहिवासी असल्यामुळे गोवळकोंड्याचे नाव आम्हांस घरचे आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की गोवळकोंड्याच्या किल्ल्यात हिऱ्याची खाण होती. वस्तुतः गोवळकोंडा ही हिऱ्यांची पेठ. खाणी होत्या त्या दूर, कृष्णेच्या खोऱ्यात. त्यांत कोल्लूरची खाण विशेष प्रसिद्ध. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडू लागेपर्यंत जगाच्या बाजारात जाणारे हिरे बहुतांशी भारतातूनच जात.

सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या खाणींवर येऊन गेला. त्याने खाणीच्या एका गावातील जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते कोणाही व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. व्यापाऱ्यांची दहापासून पंधरा-सोळा वर्षांपर्यंतची मुले सकाळी गावातील झाडाखाली येऊन बसत. प्रत्येकाच्या एका बाजूस वजनांची पिशवी आणि दुसऱ्या बाजूस पैशाची. कोणी हिरा विकावयास आणला की तो प्रथम सर्वांत थोरल्या मुलाच्या हाती जाई. तो पाहून शेजारच्यास देई, शेजारचा पुढच्यास. अशा रीतीने हिरा सर्वांच्या हातून फिरून पुन्हा थोरल्याकडे येई, आणि तोपर्यंत कोणी एक शब्द बोलत नसे. त्यानंतर किंमत विचारली जाई. आधी सर्वांचे पाहणे पुरे व्हावयाचे, मग भाव. आज दुकानात नेमके याच्या उलट घडते. आधी सवलतीचा आकडा कानावर पडतो, आणि त्या आकड्याच्या गुंगीत पाहावयाचे राहून जाते.

त्याच प्रवाशाने आणखी दोन गोष्टी नोंदविल्या आहेत. येथील व्यापारी कच्चा हिरा रात्री पारखीत. भिंतीत फूटभर चौकोनी कोनाडा करून त्यात दिवा ठेवावयाचा आणि त्याच्या उजेडात हिरा बोटांत धरून त्याचे पाणी पाहावयाचे. आणि हिऱ्यात निळसर झाक असल्याचा संशय असेल, तर तो दाट पानांच्या झाडाखाली नेऊन हिरव्या सावलीत पाहावयाचा. पारखणारा स्वतःच्या सोयीचा उजेड निवडीत असे. आज तो विकणारा निवडतो. दुकानाच्या छतातील बारीक प्रखर दिवे कोणताही खडा चमकविण्यासाठीच लावलेले असतात. म्हणून हिरा हातात घेऊन खिडकीपाशी किंवा दाराशी जावे, ऊन टाळून साध्या दिवसाच्या उजेडात पाहावा. यात संकोच कशाचा? तुरीचा दाणा आपण गोदामाच्या अंधारात कधी पारखीत नाही.

वजन

हिऱ्याचे वजन कॅरटमध्ये सांगतात. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग, २०० मिलिग्रॅम. हे माप १९०७ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले. कॅरटचे शंभर भाग केले की एक सेंट. आमच्या हिशेबाने एका क्विंटलात पाच लाख कॅरट होतात. यावरून हा व्यवहार किती बारीक तराजूचा आहे ते ध्यानी यावे.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. सोन्याचा कॅरट निराळा आणि हिऱ्याचा निराळा. १८ कॅरटचे सोने म्हणजे शंभरात ७५ भाग शुद्ध सोने. तो शुद्धतेचा आकडा झाला. हिऱ्याचा कॅरट हा वजनाचा आकडा. दोन्ही एकाच बिलावर येतात आणि घेणारा गोंधळतो.

दुसरी गोष्ट दराची. धान्यात दोन क्विंटलास एका क्विंटलाच्या दुप्पट पैसे पडतात. हिऱ्यात तसे नाही. मोठा खडा दुर्मीळ, म्हणून त्याचा दर कॅरटमागेही चढा असतो. अर्ध्या कॅरटच्या दोन खड्यांपेक्षा त्याच प्रतीच्या एक कॅरटच्या एका खड्यास कितीतरी अधिक किंमत पडते. तेव्हा ‘एकूण वजन एक कॅरट’ एवढे सांगून कोणी दागिना पुढे केला, तर खडे किती आणि प्रत्येकाचे वजन किती, हे प्रथम विचारावे. पाच-पाच सेंटांचे वीस खडे मिळूनही एक कॅरटच होतो. परंतु त्याची किंमत एकाच खड्याची नव्हे. उलटपक्षी, पूर्ण कॅरटला किंचित कमी भरणारा खडा डोळ्यांस तेवढाच दिसतो आणि बराच स्वस्त पडतो. हौसेने वापरावयाचा दागिना असेल, तर ही काटकसर शहाणपणाची आहे.

पैलू

हिऱ्याचे तेज त्याच्या पैलूंवर अवलंबून असते, आणि घेणारे याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष देतात. रंग आणि डाग निसर्गाकडून येतात. पैलू हे माणसाच्या हातचे काम. गोल हिऱ्यास सामान्यतः ५७ किंवा ५८ पैलू असतात. हिरे-कारागिरांच्या घराण्यात जन्मलेल्या मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली या पैलूंचे कोन आणि प्रमाण गणिताने मांडले. वरून आत शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरूनच बाहेर यावा, हे त्यातील तत्त्व. हिरा फार उथळ अथवा फार खोल कापला, तर प्रकाश खालून निसटतो आणि खडा मधोमध काळवंडलेला किंवा फिका दिसतो.

असे कापतात तरी का? वजन वाचविण्यासाठी. कच्च्या खड्याचे वजन शक्य तितके राखले की कॅरट अधिक भरतात आणि पैसे अधिक येतात. टॅव्हर्निएनेही लिहिले आहे की स्वच्छ खडा असल्यास येथील कारागीर त्यास केवळ घासून सोडीत. डाग असल्यास मात्र तो झाकण्याकरिता त्यावर पैलूंची गर्दी करीत. यासाठी हिरा पाहताना तो दिव्याखालून बाजूस घ्यावा आणि सावकाश डोलवावा. चमक सर्व अंगाने खेळली पाहिजे. मधोमध काळा डोळा किंवा कडेने राखाडी कडे दिसल्यास तो खडा बाजूस ठेवावा. आमचे तर स्पष्ट मत आहे की, वजन थोडे कमी चालेल, पण पैलू उत्तम असावेत.

पाणी आणि डाग

ज्यास आपण हिऱ्याचे पाणी म्हणतो, त्याची आज इंग्रजी अक्षरांनी प्रतवारी होते. ‘डी’ म्हणजे पूर्ण बिनरंगी. तेथून ‘झेड’पर्यंत पिवळसर किंवा तपकिरी झाक क्रमाने वाढत जाते. ही पद्धत अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट म्हणजे जीआयए या संस्थेने रूढ केली. संस्थेची स्थापना १९३१ सालची. रंग पाहावयाचा तो सुट्या खड्याचा. पांढऱ्या कागदाच्या घडीत हिरा पालथा ठेवून बाजूने पाहावा, म्हणजे चमक आड येत नाही आणि झाक असेल ती दिसते. सोन्यात जडविल्यावर सोन्याचा पिवळेपणा खड्यात उतरतो आणि झाक लपते. याचाच लाभही घेता येतो. पिवळ्या सोन्यात बसवावयाचा असेल, तर अगदी वरच्या अक्षराचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

डागांची परीक्षा दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने करतात. त्याच्याही ११ पायऱ्या ठरलेल्या आहेत. दहापट भिंगातून तज्ज्ञासही काही दिसत नाही, असा खडा निर्दोष. त्याखालील पायऱ्या दोषाच्या आकाराप्रमाणे, संख्येप्रमाणे आणि जागेप्रमाणे लागतात. गृहस्थाने निर्दोष खड्याच्या मागे लागू नये. ज्याचा डाग नुसत्या डोळ्यांस दिसत नाही, तो खडा अंगावर घालण्यास पुष्कळ चांगला. मात्र काठापर्यंत आलेली चीर टाळावी. धक्का लागल्यास खडा तेथून कपरतो. काही खड्यांतील चिरा काचेसारख्या द्रव्याने बुजवितात, काहींतील काळा डाग बारीक किरणाने भोक पाडून घालवितात. बुजविलेली चीर दागिना दुरुस्तीस गेल्यावर सोनाराच्या आचेने उघडी पडू शकते. तेव्हा खड्यावर असा काही संस्कार केला आहे काय, हा प्रश्न सरळ विचारावा.

खोटा आणि कृत्रिम

खऱ्या हिऱ्यावर घण घातला तरी तो फुटत नाही, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. संतांच्या दृष्टांतात ती शोभते. दुकानात ती कसोटी लावू नये. हिरा सर्वांत कठीण आहे म्हणजे त्यावर दुसऱ्या खनिजाने ओरखडा उठत नाही. परंतु तो ठिसूळही आहे आणि ठराविक दिशेने घाव बसल्यास दुभंगतो.

त्यापेक्षा निरुपद्रवी परीक्षा पुष्कळ आहेत. खड्यावर तोंडाची वाफ सोडल्यास खऱ्या हिऱ्यावरील वाफ तत्काळ उडते. काचेवर ती क्षणभर रेंगाळते. झिरकॉनियाचा नकली खडा त्याच आकाराच्या हिऱ्याहून दीडपटीपेक्षा अधिक जड भरतो, म्हणून सुटा असेल तर तराजूच त्याचे पितळ उघडे पाडतो. मॉइसनाइट नावाचा खडा अधिक चतुर आहे. उष्णता मोजणाऱ्या साध्या यंत्रास तो हिऱ्याप्रमाणे फसवितो. परंतु भिंगातून तिरके पाहिल्यास त्याच्या तळाच्या पैलूंच्या रेषा दुहेरी दिसतात, हिऱ्याच्या तशा दिसत नाहीत.

खरा प्रश्न या नकली खड्यांचा नाही. तो प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्याचा आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन १९५४ च्या अखेरीस कृत्रिम हिरा तयार केला. पुढे कार्बनयुक्त वायूपासून थरावर थर चढवून हिरा वाढविण्याची रीतही निघाली, आणि आज आपल्या सुरतेत असे हिरे मोठ्या प्रमाणावर होतात. हा खडा काच नव्हे. तो कार्बनच, कठीणपणा तोच, चमक तीच, वजनही तेच. वाफेची परीक्षा, भिंग किंवा साधे यंत्र यांपैकी कशानेही तो खात्रीने निराळा काढता येत नाही. त्यास प्रयोगशाळेतील विशेष यंत्रेच लागतात. किंमत मात्र त्याच प्रतीच्या खाणीतील हिऱ्याच्या मानाने फारच थोडी.

हौसेने असा हिरा घेण्यात आम्हांस काही गैर दिसत नाही. पण तो खाणीतला म्हणून विकणे, अथवा बारीक खड्यांच्या पुडीत मूठभर कृत्रिम खडे मिसळून देणे, हे तूरडाळीत लाखेची डाळ मिसळण्यापैकीच होय. आपल्या आचार्यांनी अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. खऱ्यासारखी दिसणारी वस्तू खरी म्हणून देणे, असा त्याचा अर्थ. त्याच्याच शेजारी ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे मापातील लबाडी येते. हे दोन शब्द प्रत्येक पेढीवर, तराजूच्या वर लावण्यासारखे आहेत, मग ती पेढी हिऱ्याची असो वा हरभऱ्याची.

कागद आणि बिल

जे डोळ्यांस दिसत नाही ते लेखी घ्यावे, असे आम्ही प्रारंभी म्हटले. मोठ्या खड्याबरोबर मान्यवर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. त्यावरील क्रमांक पुष्कळदा हिऱ्याच्या कडेवर सूक्ष्म अक्षरांत कोरलेला असतो. तो भिंगातून दाखविण्यास सांगावे आणि प्रयोगशाळेच्या नोंदीशी ताडून पाहावा. वजनाचा आकडाही जुळला पाहिजे. तथापि प्रमाणपत्र म्हणजे हिऱ्याचे वर्णन. ती किंमतीची हमी नव्हे. एकाच प्रतीचे दोन कागद असलेले दोन खडे शेजारी ठेवावेत, म्हणजे एक दुसऱ्याहून सरस दिसल्यास त्याचा उलगडा डोळेच करतील.

सोन्यावरील हॉलमार्क हा सोन्याच्या शुद्धतेचा शिक्का आहे. हिऱ्याविषयी तो काहीच सांगत नाही. ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते.

आमच्या परिचयातील एका भगिनीने पतीच्या निधनानंतर मुलाच्या शिक्षणासाठी हिऱ्याच्या बांगड्या मोडावयास काढल्या. सोबत आम्हांस नेले होते. बिल जपून ठेवलेले. पण त्यावर ‘हिऱ्याच्या बांगड्या, जोड एक’ आणि खड्यांसह एकंदर वजन, याखेरीज काही नव्हते. म्हणजे खड्यांचे वजनही सोन्याच्या भावात लावलेले, आणि हिऱ्यांचे पैसे वेगळे घेतलेले. हिऱ्यांची प्रत कोठेच लिहिलेली नसल्यामुळे ज्या दुकानातून माल घेतला, तेथेच ‘खड्यांचे काही देता येणार नाही’ असे उत्तर मिळाले. त्या माउलीने एक शब्द काढला नाही. बांगड्या पुन्हा रुमालात बांधून घेतल्या. त्या दिवशी व्यापारी म्हणवून घेण्याची आम्हांस लाज वाटली.

म्हणून बिलावर पुढील गोष्टी असल्याच पाहिजेत : सोन्याचे निव्वळ वजन आणि शुद्धता, खड्यांची संख्या व वजन, रंगाची आणि डागांची प्रत, हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, त्यावर संस्कार केला आहे की नाही, घडणावळ, आणि परत घेताना दुकान कोणत्या हिशेबाने घेईल ती अट. हिऱ्यास सोन्यासारखा रोजचा एक भाव नसतो. परत विकताना खरेदीच्या रकमेस मोठी कात्री लागते, हे धरूनच चालावे. अडीनडीची पुंजी म्हणून हिरा घेऊ नये. हौस आणि आठवण म्हणून घ्यावा.

अटी अगोदर ठरल्या नाहीत तर काय होते, याचे उदाहरण आमच्या शहराच्या इतिहासातच आहे. १८९१ साली सहावे निझाम मीर महबूब अली खान यांनी सिमल्याचा जवाहिऱ्या अलेक्झांडर जेकब याच्याशी एका मोठ्या हिऱ्याचा सौदा केला. किंमत ४६ लाख रुपये. पैकी २३ लाख आगाऊ गेले. हिरा प्रत्यक्ष पुढे आल्यावर निझामांनी तो नापसंत केला. मग रक्कम परत करण्यावरून वाद होऊन प्रकरण कलकत्त्याच्या हायकोर्टात गेले. जेकब निर्दोष सुटला, पण धंद्यातून उठला. निझामांस मनस्ताप झाला. १८४.७५ कॅरटचा तो हिरा पुढे सातव्या निझामांना वडिलांच्या बुटात सापडला आणि त्यांनी तो कागदांवर ठेवण्याच्या वजनासारखा वापरला, असे सांगतात. १९९५ साली भारत सरकारने निझामांचे जवाहीर २१८ कोटी रुपयांस घेतले, त्यात तोही आला. हिरा खोटा नव्हता. माल पाहण्यापूर्वी पैसे गेले, आणि पसंत न पडल्यास काय करावयाचे यावर दोघांचे एकमत नव्हते, एवढेच. राजास जे निस्तरता आले, ते आपणांस निस्तरणारे नाही.

आमच्या धंद्यात एके काळी रुमालाखाली बोटे धरून सौदे होत. टॅव्हर्निएने हिऱ्याच्या बाजारातही हीच रीत पाहिली होती. धान्यपेठांतून तो ‘हत्ता’ गेला आणि उघड लिलाव आला, तेव्हा आमच्यापैकी काहींनी आता धंदा बुडाला म्हणून हाकाटी केली. धंदा बुडाला नाही. शेतकऱ्याचा विश्वास वाढला आणि आवकही वाढली. हिऱ्याच्या व्यवहारातील रुमाल अद्याप पुरता सुटलेला नाही. तो आमच्या रत्नव्यापारी बंधूंनी आपण होऊन सोडावा, आणि घेणाऱ्यांनी प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊन त्यांस हातभार लावावा. सोने पाहावे कसून, माणूस पाहावे बसून, अशी म्हण आहे. हिरा घेताना दोन्ही करावे : खडा उजेडात न्यावा आणि दुकानदारासमोर घटकाभर बसावे. जो प्रश्नांना कंटाळत नाही आणि उत्तरे लिहून देतो, त्याच्याकडून माल घ्यावा.